दुर्गंधीची रांग : सिडनीच्या पुट्रिशियाचं प्रकरण

घडलं काय

डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधल्या एका कुंडीत जेमतेम पंचवीस सेंटिमीटरचा कोंब वर आला. कुंडीतला कंद काही वर्षं बागेत मुक्कामाला होता. दर खेपेला त्याला एक पान यायचं, वाळायचं, मग कंद झोपी जायचा. या वेळचा कोंब मात्र पानाचा नव्हता. अमॉर्फोफॅलस टायटेनम नावाच्या त्या झाडाला फुलोरा येणार होता. सिडनीच्या बागेत हे शेवटचं घडलं होतं २०१० साली, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी.

२३ जानेवारी २०२५ च्या गुरुवारी दुपारी तो फुलोरा उलगडायला लागला तेव्हा त्याची उंची १.६ मीटर झाली होती. एव्हाना त्याला नाव मिळालं होतं: पुट्रिशिया. पॅट्रिशिया हे बाईचं नाव आणि 'पुट्रिड' म्हणजे कुजकं, यांची ही जोडगोळी. (आपल्याकडे असतं तर 'कुजकी कुंदा' म्हटलं असतं, आणि चाललंही असतं.) सुमारे २०,००० माणसं रांगेत उभी राहून तिच्यासमोरून सरकत गेली. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण दहा लाखांच्या घरात पाहिलं गेलं. दोन रात्रींत सगळा कारभार आटोपला. झालर मिटली, दांडा कलला, वास ओसरला.

सडलेल्या मांसासारखा वास मारणारी एक वनस्पती, जी बराच काळ काहीच करत नाही, तिच्यासाठी एवढं मोठं शहर आठवडाभर श्वास रोखून कसं काय बसतं? 'दुर्मीळ आहे म्हणून' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. बोटॅनिक बागा दुर्मीळ झाडांनीच भरलेल्या असतात आणि त्यांच्यासमोरून आपण आइस्क्रीम चाटत निघून जातो. माझ्या मते पुट्रिशियाच्या प्रकरणात बागेने लोकांना मुख्यतः वाट बघायला दिली. फूल त्या वाटेच्या टोकाला होतं, एवढंच.

आधी झाड समजून घेऊ

पहिली गोष्ट, हे फूल नव्हे. बटाट्यासारखा पण अवाढव्य कंद, त्यातून निघालेला जाड दांडा आणि दांड्याभोवती झालरीच्या घागऱ्यासारखं गुंडाळलेलं एकच मोठं पान, असा हा फुलोरा असतो. मराठी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत दांड्याला स्थूलकणिश म्हणतात आणि घागऱ्याला महाछद. खरी फुलं बारीक बारीक, शेकड्यांनी, दांड्याच्या तळाशी झालरीच्या आत दडलेली. जगातलं सर्वांत मोठं एकटं फूल म्हणजे रॅफ्लेशिया. तेही सुमात्रातलंच आणि तेही घाणेरड्या वासाचं, म्हणून दोघांची सतत गल्लत होते. टायटेनमचा मान वेगळा आहे. फांद्या न फुटलेल्या फुलोऱ्यांमध्ये तो जगात सर्वांत मोठा, आणि उंची तीन मीटरपर्यंत जाते. पुट्रिशिया त्या मानाने ठेंगणीच म्हणायची.

सुमात्राच्या पर्जन्यवनात हे झाड एकेकटं, एकमेकांपासून दूर वाढतं. तिथले लोक त्याला 'बुंगा बांगकाई' म्हणतात, म्हणजे मढ्याचं फूल. फुलोरा नसलेल्या काळात कंदातून एकच पान येतं, पण ते एक पान सहा मीटर उंच, छत्रीसारखं फाकलेलं, पाहणाऱ्याला वाटावं की हे लहानसं झाडच आहे. पान वर्षभर उन्हातून पिष्ट बनवतं, ते कंदात साठतं, पान झडतं, कंद विश्रांती घेतो, पुन्हा पान. असं सात-आठ-दहा वर्षं चालल्यावर पुरेशी पुंजी जमली तर फुलोरा. एडिंबरोच्या बागेतला एक कंद १५३.९ किलो भरला होता. इतक्या वर्षांची बचत तो दोन रात्रींत उधळतो.

ती कशी, ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या रात्री झालर उघडते. तिची आतली बाजू कच्च्या मांसासारखी गडद लाल. त्याच वेळी दांडा तापायला लागतो, साधारण माणसाच्या अंगाएवढा गरम होतो, आणि त्या उष्णतेने वास वर उचलला जाऊन दूर पसरतो. तापलेलं, लाल, कुजका वास मारणारं असं काहीतरी जंगलात दिसलं की मढ्यावर अंडी घालणाऱ्या माश्या आणि भुंगेरे धावत येतात. त्यांना खायला काहीच मिळत नाही, त्यांची शुद्ध फसवणूक होते. पहिल्या रात्री फक्त मादीफुलं तयार असतात. दुसऱ्या रात्री, मादीफुलांची वेळ टळल्यावर, नरफुलं पराग सोडतात. म्हणजे झाडाला स्वतःचाच पराग लागू नये याची सोय. दुसऱ्या कुठल्या तरी झाडावरून फसून आलेला भुंगेरा इथेही फसला, तरच फळ धरतं. फळं लालभडक, ती धनेश खातात आणि बिया दूर टाकतात.

वासाबद्दल सांगायचं तर तो एक नसतो. डायमिथाइल ट्रायसल्फाइड आणि त्याचे भाऊबंद कुजक्या कोबीचा आणि सडक्या मांसाचा वास देतात, आयसोव्हॅलेरिक आम्ल घामेजलेल्या मोज्यांचा, ट्रायमिथाइलअमाइन शिळ्या मासळीचा. तासातासाने मिश्रण बदलतं, म्हणून संध्याकाळी येऊन गेलेला माणूस आणि मध्यरात्री आलेला माणूस वेगवेगळी वर्णनं करतात आणि दोघेही खरं बोलत असतात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये याच जातीच्या झाडात पुट्रेसीन सापडल्याचं सांगितलं. प्रेत कुजताना तयार होणारं हेच ते रसायन. गंमत म्हणजे या वासात इंडोलही असतं, आणि तेच इंडोल अगदी थोड्या प्रमाणात मोगऱ्यातही असतं. गजरा रात्रभर उशाशी राहिला की सकाळी त्याला जो जड, थोडासा नकोसा वास येतो, त्यात त्याचा वाटा असतो.

बागेने काय केलं

सिडनीच्या बागेपुढे दोन रस्ते होते. एक म्हणजे फुलोरा उलगडल्यावर बातमी द्यायची आणि लोकांना बोलवायचं. यात धोका उघड आहे. बातमी पोचून माणूस घरातून निघेपर्यंत अर्धा खेळ संपलेला असतो. दुसरा रस्ता म्हणजे आधीच जाहीर करायचं, आणि मग 'कधी?' या प्रश्नाला 'सांगता येत नाही' असं उत्तर देत बसायचं. कंदाचा अंदाज कुणालाच नीट बांधता येत नाही. उंची वाढण्याचा वेग मंदावला, झालर किंचित सैल झाली, की अनुभवी माळी म्हणतात, आता एक-दोन दिवसांत. पण ते एक-दोन दिवस कधी कधी चार-पाच होतात.

बागेने दुसरा रस्ता धरला, आणि तो नाइलाजाने धरल्यासारखा न धरता मिरवत धरला. कुंडी पाम हाउस नावाच्या काचघरात आणून ठेवली. भोवती उंच पडदे सोडले, पुढे लाल दोरी बांधली, ह्युमिडिफायर लावून धुकं सोडलं. सजावटीची कल्पना बागेच्या प्रवक्त्या सोफी डॅनियल यांची. एकूण थाट जुन्या काळच्या श्रीमंत अंत्ययात्रेसारखा, थोडा भुताटकीच्या सिनेमासारखा. झाडाचं वैशिष्ट्यच प्रेताचा वास, मग मांडणीही त्याच सुरात. धुक्याचा उपयोगही होता. सुमात्रातलं झाड, त्याला हवेत ओल लागते.

मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट कॅमेरा वाटते. एकच स्थिर कॅमेरा, समोर झाड, चोवीस तास. न समालोचन, न संगीत. तासन् तास पडद्यावर काहीही घडत नसे. भारतातून पाहायचं तर घड्याळात साडेपाच तासांचा फरक. आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. मी त्या आठवड्यात दोन-तीनदा ते उघडलं, दर वेळी 'पाच मिनिटं बघू' म्हणून, आणि दर वेळी अर्धा तास गेला. एकदा एक माणूस पाण्याचा पाइप घेऊन चौकटीत आला आणि गेला. मला ती मोठी घटना वाटली, यावरून काय ते समजा.

हे इतकं परकंही नाही. सोसायटीत कुणाच्या तरी बाल्कनीत ब्रह्मकमळाची कळी फुगली की संध्याकाळपासून निरोप सुरू होतात. 'आज उमलेल बहुतेक, जेवून या.' अकरा वाजता गाऊनवर ओढणी घेऊन शेजारणी जमतात, मुलं झोपेने पेंगत उभी असतात, कळी हलते की नाही यावर वाद होतो, कुणीतरी टॉर्च मारतं. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मुळात मध्य अमेरिकेकडचं निवडुंग, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच. पण तेवढ्यासाठी कुणी घरी परत जात नाही. फूल सकाळी मान टाकणार हे सगळ्यांना माहीत असतं. सिडनीत झालं ते याचंच अजस्र रूप, फक्त सुवासाच्या जागी दुर्गंध.

लोकांनी काय केलं

बागेने झाड ठेवलं, पण उत्सव लोकांनी उभा केला. प्रक्षेपणाशेजारी संदेश लिहायची सोय होती, आणि रिकाम्या बसलेल्या हजारो लोकांनी तिथे बघता बघता एक पंथ स्थापन केला. 'डब्ल्यू डब्ल्यू टी एफ', म्हणजे 'वी वॉच द फ्लॉवर', आम्ही फूल पाहतो. 'डब्ल्यू डी एन आर पी', म्हणजे 'वी डू नॉट रश पुट्रिशिया', पुट्रिशियाला घाई करायची नाही. 'बी बी टी बी', म्हणजे 'ब्लेस्ड बी द ब्लूम', धन्य तो बहर. नवा माणूस येऊन 'अजून उमललं नाही?' म्हणाला की जुने भक्त त्याला अक्षरांतच दटावत. ज्यांनी पंढरीची वारी एकदा तरी जवळून पाहिली आहे त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. पोचण्यापेक्षा चालण्याची ऐट जास्त.

यातली थट्टा उघड आहे, पण थट्टेखाली काहीतरी खरंही होतं. आपल्या हातातलं प्रत्येक यंत्र पुढच्या गोष्टीकडे ढकलत असतं. जेवण वीस मिनिटांत दारात, मालिका दीडपट वेगाने. इथे एक कंद आहे ज्याला ढकलता येत नाही. बटण दाबून पुढे जाता येत नाही, पैसे भरून लवकर दर्शन मिळत नाही. 'पुट्रिशियाला घाई करायची नाही' या वाक्यात दिलासा होता, कारण घाई करणं शक्यच नव्हतं.

मग तो गुरुवार आला, आणि इथे प्रकरणाला खरी कलाटणी मिळाली. पडद्यावर पाहणाऱ्यांना उलगडलेली झालर दिसली, अगदी स्पष्ट, घरबसल्या, रांगेतल्या माणसापेक्षा कदाचित जास्त चांगली. तरीही हजारो माणसं उठून बागेकडे गेली. कारण वास प्रक्षेपित होत नाही. फोटो, व्हिडिओ, ड्रोन, सगळं पोचवता येतं. नाकापर्यंत मात्र अजून कुणाची तार गेलेली नाही. लालबागच्या रांगेत मुखदर्शन वेगळं आणि चरणस्पर्श वेगळा. इथे पडद्यावरचे सगळे मुखदर्शनवाले, आणि चरणस्पर्शाला नाक घेऊन जावं लागत होतं. हेच झाड सुवासिक असतं तर गर्दी इतकी झाली असती का, मला शंका आहे. सुगंधाची आपण कल्पना करू शकतो. 'ओले मोजे, गरम केलेलं मांजराचं खाणं आणि सडलेला पॉसम (तिकडचा झाडांवर राहणारा एक प्राणी)' अशा वर्णनाची कल्पना करता येत नाही, ते खरं की खोटं हे जाऊनच पाहावं लागतं.

घरात दूध नासल्याची शंका आली की आपण काय करतो? स्वतः हुंगतो, तोंड वेडंवाकडं करतो, आणि लगेच पातेलं दुसऱ्यापुढे धरतो. 'बघ गं, वास येतोय ना?' दुसराही हुंगतो, 'ईऽऽ' म्हणतो, आणि तिसऱ्याला हाक मारतो. एकाची खात्री पुरेशी असताना तिघं का हुंगतात? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी माणसं मिरची आवडीने का खातात यावर बराच विचार केला. शरीर धोक्याची घंटा वाजवत असतं आणि मनाला ठाऊक असतं की धोका नाही, या विसंगतीतच मजा येते, असं त्यांचं म्हणणं. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या आणि पुन्हा भाकरीचा तुकडा त्यात बुडवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पुट्रिशियासमोर नाक मुरडून उभं राहणं म्हणजे नाकाने खाल्लेला ठेचा. तोही एकट्याने नाही, चारचौघांत. म्हणून तिच्यासमोरच्या बहुतेक फोटोंत लोक झाडाकडे बघत नसतात, एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघून हसत असतात.

हे पहिल्यांदा झालेलं नाही

हे सगळं इंटरनेटमुळे झालं असं म्हणायचा मोह होतो. तो टाळावा. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांना हे झाड १८७८ मध्ये सुमात्रात आढळलं. त्यांनी युरोपात पाठवलेल्या बियांपासून झालेलं एक रोप लंडनच्या क्यू बागेत पोचलं आणि १८८९ मध्ये तिथे फुललं. मॅटिल्डा स्मिथ या चित्रकर्तीने त्या दर्पाजवळ बसून त्याचं चित्र काढलं, तेही पाहावं आणि तिच्या चिकाटीला दाद द्यावी. १९२६ मध्ये क्यूमध्ये पुन्हा बहर आला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. तेव्हा टीव्हीसुद्धा नव्हता. न्यूयॉर्कच्या बागेत १९३७ मध्ये अमेरिकेतला पहिला बहर आला, आणि १९३९ मध्ये ब्राँक्स भागाने याला आपलं अधिकृत फूल करून टाकलं. २००० साली तो मान काढून डे लिलीला दिला. एवढी वर्षं नागरी फूल म्हणून मढ्याचं फूल मिरवणाऱ्या वस्तीबद्दल मला आदर आहे.

नावाचीही एक गोष्ट आहे. अमॉर्फोफॅलस या ग्रीक शब्दाचा अर्थ 'बेढब लिंग'. फुलोऱ्याकडे एक नजर टाकली की तो कुठून आला ते कळतं. निसर्गावरच्या मालिका करणारे डेव्हिड ॲटनबरो यांना नव्वदच्या दशकात टीव्हीवर हे नाव वारंवार उच्चारणं अवघड वाटलं, म्हणून त्यांनी 'टायटन ॲरम' असं सभ्य नाव रुळवलं. बागांना कुंड्यांना माणसांची नावं द्यायची सवय लागली त्यातही थोडी हीच सोय असावी. शाळेच्या सहलीला 'पुट्रिशिया बघायला चला' म्हणता येतं.

वाट बघायला लावण्याचा डाव उलटूही शकतो, आणि सिडनीच्या तुलनेत ते प्रकरण मला जास्त शिकवून जातं. ऑगस्ट २०१५, शिकागो बोटॅनिक गार्डन. कुंडीचं नाव स्पाइक. कॅमेरा, रांगा, बातम्या, सगळं तयार. दिवस उलटत राहिले आणि स्पाइक उघडेना. शेवटी तज्ज्ञांनी मान्य केलं की कंदातली पुंजी कमी पडली, आता तो उघडणार नाही. मग त्यांनी काय करावं? ३० ऑगस्टला लोकांच्या समोर त्यांनी झालर कापून काढली, आतली फुलं दाखवली, पराग गोळा केला. निराश होऊन गेलेली गर्दी शस्त्रक्रिया बघायला परत आली. आणि मग महिन्याभरात त्याच बागेतल्या ॲलिस नावाच्या दुसऱ्या कुंडीने, कुणी फारसं लक्ष ठेवून नसताना, रातोरात झालर उलगडली. बागेत आलेल्यांची धावपळ उडाली.

आणखी एक उदाहरण मला आवडतं, कारण त्यात पडदे नाहीत, लाल दोरी नाही. मे २०२१, कॅलिफोर्नियातलं अलामीडा. एका नर्सरीवाल्याकडचा टायटेनम फुलला. करोनामुळे सगळं बंद. त्याने कुंडी गाड्यावर घातली आणि जवळच्या एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर नेऊन ठेवली. दिवसभर लोक येत राहिले, हात लावत होते, मास्क खाली ओढून हुंगत होते. त्या दिवसांत अनोळखी माणसांच्या शेजारी उभं राहून मास्क काढायचं कारण काय, तर कुजका वास.

आपल्या ताटातला चुलतभाऊ

पुट्रिशियाचं आपल्याशी नातं शोधायला फार लांब जावं लागत नाही. अमॉर्फोफॅलस या प्रजातीत दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातली एक आपल्या भाजीवाल्याकडे ढिगाने असते: सुरण. उपवासाच्या दिवशी आपण तळून खातो ते काप टायटेनमच्या सख्ख्या चुलतभावाचे. शेतात ठेवलेल्या सुरणाला कधी फुलोरा आला की तोही गोल, जांभळट, सुरकुतलेला आणि सडक्या मांसासारखा वास सोडणारा. कोकणच्या नावावरूनही एका जातीचं शास्त्रीय नाव ठेवलेलं आहे: अमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस.

ठाणे, पालघर, रायगडकडच्या वाचकांना मात्र आणखी जवळचा नातेवाईक आठवेल. शेवळं. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर जंगलातल्या जमिनीतून जांभळट-तपकिरी भाल्यासारखे वर येणारे हे कोंब म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटॅटसचा न उमललेला फुलोरा. पान त्यानंतर येतं. आदिवासी बायका ते खुडून जुड्या बांधून बाजारात आणतात, सोबत काकडं नावाची आंबट रानफळं. काकडांशिवाय शेवळं शिजवायची नाहीत, नाहीतर घसा खाजवतो. या कुळातल्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांचा हा प्रताप. साफ करताना आतला पिवळा भाग काढून टाकतात, तोही खाजरा. आणि तो पिवळा भाग म्हणजे पुट्रिशियाच्या झालरीत वाकून लोक जे बघायला धडपडत होते तेच, दांड्याच्या तळाची फुलं.

सिडनीच्या प्रकरणाशी याचा संबंध वाट बघण्याचाच आहे, फक्त उलट्या दिशेने. शेवळंही वर्षातून एकदाच, दोन-तीन आठवडे मिळतात, त्यांचीही वर्षभर वाट बघितली जाते, पण ती उमलायच्या आत खुडावी लागतात. उमललेलं शेवळं कुणी विकत घेत नाही.

मग झाडाचं काय

हुरूप ओसरल्यावर हा प्रश्न उरतो, आणि इथे मी बागेच्या बाजूने शंभर टक्के नाही.

सुमात्रात ही जात संकटात आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिची नोंद धोक्यातली जात म्हणून केली आहे आणि जंगलात हजाराहून कमी झाडं उरल्याचा अंदाज आहे. कारण नेहमीचंच. जंगल तोडून पामतेलाच्या लागवडी, लाकूडतोड. प्रत्येक बाग आपल्या कुंडीशेजारी हे एका फलकावर लिहिते. रांगेतून सरकणारा माणूस तो फलक वाचतो का? त्याच्याजवळ तिच्यासमोर उभं राहायला मोजके क्षण असतात, त्यात त्याला हुंगायचं असतं, फोटो काढायचा असतो आणि मागच्याचा धक्का सोसायचा असतो.

दुसरा मुद्दा कमी बोलला जातो आणि जास्त गंभीर आहे. बागांमध्ये शेकडो टायटेनम आहेत, म्हणजे जात सुरक्षित आहे, असं वाटतं. पण शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १११ संस्थांमधल्या सुमारे १,२०० झाडांच्या नोंदी गोळा करून वंशावळ मांडली, आणि २०२५ मध्ये जे प्रसिद्ध केलं ते काळजीचं होतं. जवळपास चौथा हिस्सा झाडं एकमेकांच्या नकला होत्या, आणि त्याहून थोडी जास्त जवळच्या नात्यातल्या झाडांच्या संकरातून झालेली. नोंदी अर्धवट, कुणी कुठून आणलं याचा पत्ता नाही. दोन झाडं एकाच वेळी फुलणं दुर्मीळ, म्हणून बागा पराग गोठवून एकमेकींना पाठवतात, आणि घाईत हाताला लागेल तो पराग वापरला जातो. नाव, कॅमेरा, पडदे, धुकं यांची नोंद चोख. आईबापांची मात्र नाही. आपण ज्या उत्साहाने कुंडीचं बारसं करतो त्या उत्साहाने तिची कुंडली ठेवत नाही, असं म्हणायचा मोह मला आवरत नाही.

तरी रांगेला नावं ठेवणंही अवघड जातं. कासच्या पठारावर फुलं बघायला गेलेल्या गर्दीने फुलंच तुडवल्याचं आपण पाहिलं आहे. तिथे मग कुंपण, आगाऊ नोंदणी, शुल्क आणि त्यावरचे वाद आले. सिडनीत हजारो माणसं आली आणि एका पाकळीलाही धक्का लागला नाही, कारण झाड आधीच त्याच्या जंगलापासून तोडलेलं, कुंडीत होतं. हे समाधानाचं की खेदाचं, मी ठरवू शकलेलो नाही.

ऑस्ट्रेलियात तो उन्हाळाच तसा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेलबर्नजवळच्या जीलाँगच्या बागेत एक बहर, जानेवारीत पुट्रिशिया, फेब्रुवारीत कॅनबेराच्या राष्ट्रीय बागेत तिसरा. तीन महिन्यांत तीन. 'दशकातून एकदा' हे बिरुद त्यामुळे जरा ओशाळलंच. पुट्रिशियाच्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये अमॉर्फोफॅलस गायगास नावाचा दुसरा चुलतभाऊ फुलला. तिकडे बर्फाळ थंडी होती, तरी लोकांनी काचघराबाहेर रांग लावली.

पाम हाउसमधले पडदे उतरले, लाल दोरी गुंडाळली गेली, कॅमेरा बंद झाला. झालर मऊ पडून दांड्याला चिकटली. खाली कंद होता तसाच. पुंजी संपलेला, हलका झालेला. अशा कंदाला पुढचा कोंब येतो तो बहुधा पानाचा असतो, आणि ते पान उलगडताना बघायला माळ्याशिवाय कुणी येत नाही.